झेलाने भावासाठी निवडलेली नळी

माझ्या बायकोबद्दल, झेलाबद्दल, कुणी चार शब्द विचारले तर मी चाळीस सांगतो, आणि त्यातले तीस तिला पटत नाहीत. पण एक गोष्ट आमच्या रेडबडच्या खोऱ्यात कुणी नाकारणार नाही. ठासणीच्या बंदुकीला नळी निवडायची तर ती झेलानेच. बावीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव रांधतेय. शनिवार उजाडला की आमच्या मागच्या ओसरीवर तीन तालुक्यांतले दाढीवाले बाप्ये खांद्यावर नळ्या टाकून हजर. आणि ही बाई हात पुशीत बाहेर येते ती त्यांच्यावर खेकसतच.

लोकांची एक वाईट सवय असते. नळी बोटावर आडवी धरतात, कुठे तोलली जाते तिथे खडूने खूण करतात आणि मोठ्या शहाण्यासारखी मान हलवतात. झेलाला त्याची भयंकर चीड.

"बोटावर ठेवून मारणार आहेस का रे? मग दस्ता कशाला लावतोस, देऊन टाक चुलीत!"

तिची पद्धत वेगळी. तिच्याकडे एक सांगाडा आहे. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या बंदुकीचा दस्ता, घोडा-चापासकट, आणि त्याला चामड्याचे तीन पट्टे. नवी नळी ती त्यावर आवळून बांधते, खाली ठासायचा गजसुद्धा अडकवते, आणि माणसाला कोठाराच्या भिंतीसमोर उभं करते. भिंतीच्या फळ्या आडव्या आहेत. नळीच्या टोकावरची नेमाची माशी दोन फळ्यांमधल्या फटीवर धरायची आणि बोलायचं. "तुझ्या आज्याला पोरं किती? नावं सांग. कुणाचं कुणाशी लग्न झालं? ती पळून गेलेली कोण?" पहिल्या दोन काकांपर्यंत माणूस सावध असतो. तिसऱ्या काकापाशी आला की हातात बंदूक आहे हे विसरतो. तेव्हा झेला नळीच्या तोंडाकडे बघते. पुढून जड असेल तर ते खालच्या फळीवर उतरतं. हलकी असेल तर वर-खाली नाचत राहतं. दोन्ही नको. हात थकला तरी जिथे ठेवली तिथे राहील अशी हवी, आणि तशी नळी माणसागणिक वेगळी.

हे सगळं तिला शिकवलं कुणी? तर कुणीच नाही. सासरे मुलीला बंदुकीला हात लावू देत नसत. ती फक्त नळ्या उचलून आणायची, धरायची, परत ठेवायची. आठ वर्षांची असल्यापासून. धरून धरूनच तिला ते कळायला लागलं. मारायला शिकवलं ते तिच्या थोरल्या भावाने, बर्लने, बापाच्या नकळत ओढ्यापलीकडे नेऊन. झेला त्याला लहानपणापासून ‘बब’ म्हणते. आमच्याकडे थोरल्या भावाला तसंच म्हणतात. साठीच्या घरात आली तरी ‘बब’च.

आता या बर्लचं सांगायला हवं. कोळशाचा ट्रक चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, दर रविवारी प्रभूच्या देवळात पहिल्या बाकावर. साठ यार्डांवरून उभ्याने मारण्यात आमच्या खोऱ्यात त्याला तोड नव्हती. उभ्याने म्हणजे काही टेकायचं नाही, नुसते आपले दोन हात. दुसराही प्रकार आहे, ओंडक्यावर नळी टेकवून मारायचा. बर्ल म्हणायचा, ओंडकाच मारतो, आपण फक्त बाजूला लोळायचं. त्याची बंदूक सासऱ्यांच्या वेळची. सरळसोट आठ पैलूंची, एक इंच जाडीची, बेचाळीस इंच लांब नळी. मी ती धरली तर पंधरा आकड्यांत माझे हात गळून पडत. तो ती धरून माझी चेष्टा करीत बसायचा.

सत्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू. दहा-बारा दिवसांत चालायला लागला, बोलणंही नीट झालं. डावा हात मात्र परत आला नाही. म्हणजे हलायचा, वाटी धरायचा, पण त्यात दम नव्हता, आणि महिन्याभरात दंड मनगटाएवढा झाला. हे माहीत होतं तिघांना. झेला, मी आणि लांबच्या गावातला डॉक्टर. खोऱ्याला बर्लने सांगितलं की न्यूमोनिया झाला होता.

"कशाला लपवतोस रे?" मी विचारलं.

"तुला काय जातंय? तू तुझी दाढी कर," असं म्हणाला. माझा मेहुणा असाच आहे. बहीणही तशीच आहे.

एप्रिलच्या नेमबाजीच्या मेळ्यात हा शहाणा तीच जुनी बंदूक घेऊन उभा राहिला. झेलाने हातापाया पडून बघितलं. पहिल्या दोन गोळ्या कशाबशा गेल्या. तिसऱ्या वेळी घोडा चढवलेला, बोट चापावर, आणि नळी एकदम खाली आली. धाडकन बार उडाला. गोळी तिरकी जाऊन रेषेच्या कडेला आठ फुटांवर जमिनीत घुसली, आणि तिथून वीतभर अंतरावर कॉर्बिनचा बूट होता.

कॉर्बिन आमच्या मैदानाचा कप्तान. पूर्वी खाणीत सुरक्षेचा मुकादम होता, आणि खाणीतून बाहेर काढलेली माणसं त्याने डोळ्यांनी बघितलेली आहेत. माणूस वाईट नाही, पण नियमापुढे सख्ख्या आईलाही ओळखणार नाही. तो चालत आला, बर्लच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "प्यायलायस का?"

आता बघा. ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, ज्याच्या बापाने देवळात दारूविरुद्ध शपथा घेतल्या, तो माणूस म्हणाला, "हो. थोडी."

झेलाच्या तोंडाचा रंगच उडाला. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला, नाहीतर ती तिथेच ओरडली असती.

कॉर्बिन म्हणाला, "बर्ल, तुझा मान राखून एकदाच सांगतो. घोडा चढलेला असताना तुझी नळी पुन्हा एकदा खाली आली, तर या रेषेवर तू मरेपर्यंत उभा राहणार नाहीस. ओंडक्यावर लोळ, नाहीतर गुण लिहायला बस."

तेव्हापासून खोऱ्यात बर्ल दारुडा. देवळात पहिल्या बाकावर तो एकटा बसायला लागला. आणि त्याला ते चालत होतं! दारुडा म्हटलेलं चालत होतं, पण हात गेला म्हटलेलं नाही. मला त्याचा इतका राग यायचा की काही विचारू नका.

ऑगस्टमध्ये झेलाने एका जुन्या कारागिराकडून तीन नळ्या आणल्या, शनिवारपर्यंत परत करायच्या बोलीवर. आणि बर्लला बोलावणं धाडलं. तो आला. उन्हाळा मी म्हणत होता, अंगात पातळ सदरा, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मला बघून म्हणाला, "हा पण बसणार का तमाशाला?"

"माझं घर आहे," मी म्हटलं.

पहिली नळी जुन्यासारखीच. एक इंची, सरळ, लांब. झेलाने ती मुद्दामच पहिली बांधली.

"बोल," ती म्हणाली. "बाबांच्या खेचराची गोष्ट सांग. देवळात घुसलं होतं ती."

"तुला पाठ आहे ती."

"एस्टिलला नाही." एस्टिल म्हणजे मी. मला ती गोष्ट अडतीस वर्षं पाठ आहे.

बर्लने सांगायला सुरुवात केली. खेचर दारात आलं, पाद्रीबाबांनी त्याला पाहुणा समजून स्वागत केलं, इथवर नळी ठीक होती. खेचर मधल्या वाटेने निघालं तशी ती एक फळी खाली आली. मग मला दिसलं की हा गडी कंबर पुढे काढून डावं कोपर हळूच पट्ट्याच्या बकलावर टेकवतोय. कोपर बरगडीला लावलेलं चालतं, पण बकलावर टेकवणं म्हणजे चक्क लबाडी. झेलालाही दिसलं.

"बब, कोपर काढ."

"कुठलं कोपर?"

"ज्याच्यावर तू टेकलायस ते."

त्याने कोपर काढलं आणि नळी धपकन दोन फळ्या खाली गेली. त्याने सांगाडा जमिनीवर टेकवला आणि म्हणाला, "हीच घेणार. मला हसू आलं म्हणून गेली ती."

"मग मैदानावर कुणी हसवलं तर कॉर्बिनच्या बुटात गोळी घालणार का? त्या बुटात पाय असतो त्याचा."

दुसरी नळी बत्तीस इंची, बारीक, हलकी. ती त्याने एका दमात खांद्याला लावली आणि चेहरा उजळला. पण खेचर दारातच होतं तोवर नळीचं तोंड वर-खाली नाचायला लागलं. पुढे वजनच नाही, मग ती स्थिर कशी राहणार? झेलाने ती पुढचं न ऐकताच सोडवून ठेवली.

तिसरी तिने सावकाश बांधली. ही अडतीस इंची. मागे दस्त्याजवळ जाड, मध्ये कमरेत बारीक होत गेलेली, आणि तोंडापाशी पुन्हा थोडी भरलेली. त्यामुळे वजन पुढच्या हातावर न येता दोन्ही हातांच्या मध्ये येतं, आणि तरी टोकाला इतकं राहतं की ती नाचत नाही. सरळ नळीपेक्षा दीड शेर हलकी. जुनी पद्धत आहे, पण आमच्याकडच्या उभ्याने मारणाऱ्या बाप्यांना त्या नळीची लाज वाटते. सरळ, जाड नळी धरली तरच पुरुष, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आहे.

बर्ल तिच्याकडे बघून म्हणाला, "ही कमरेची? ही घेऊन मी मैदानावर जाऊ? लोक काय म्हणतील?"

झेला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "लोक तुला दारुडा म्हणतायत, बब. ते गोड लागतं तुला, आणि ही नळी कडू लागते?"

त्याने बंदूक उचलली. फटीवर माशी ठेवली आणि गोष्ट सुरू केली. खेचर मधल्या वाटेने गेलं, पुढच्या बाकावरच्या म्हातारीची टोपी खाल्ली, पाद्रीबाबा बाकावर चढले, बाबांनी शेपूट ओढलं. नळी फटीवरच. गोष्टीच्या अगदी शेवटी ती हळूहळू, मुंगीच्या चालीने अर्धी फळी उतरली. बर्लने ती खाली घेतली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून तो कोठाराकडे बघत राहिला.

"पाच गोळ्यांना पुरेल," झेला म्हणाली. "मधे हात सोडून ठेवायचा. घाई नाही करायची."

तो गेल्यावर ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "एस्टिल, माझी निवड चुकली आणि कुणाच्या अंगात गोळी गेली तर?"

"मग सांग त्याला ओंडक्यावर मार म्हणून. तुझंच ऐकेल."

"ऐकेल. आणि घरी जाऊन खुर्चीत बसेल, आणि परत उठणार नाही." तिने तोंडावर पदर घ्यावा तसा एप्रन घेतला. "आणखी एक संधी त्याला मिळू दे. मग देव काय करायचं ते करो."

नळी तिने स्वतः बसवली. लाकूड तासून तासून दस्ता बर्लच्या खांद्याला असा जुळवला की गवताची काडी जाणार नाही. दर शनिवारी तो येई, धरून बघे, आणि नळी जागची हलत नसे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गेला. मग तो तालुक्याच्या गावी मुलीकडे राहायला गेला आणि सरळ मेळ्यालाच परत आला.

नोव्हेंबरच्या मेळ्यात बक्षीस असतं कापलेल्या बैलाचा मागचा पाय. पण त्यासाठी कुणी येत नाही. दोरीसाठी येतात. प्रत्येकाची स्वतःची फळी असते, आगीवर काळी केलेली, तिच्यावर चाकूने फुली कोरलेली. पाच गोळ्या मारायच्या. प्रत्येक गोळीचं भोक फुलीपासून किती लांब, ते एकाच दोरीवर ओळीने मापायचं. ज्याची दोरी सगळ्यांत आखूड तो जिंकला. न मारलेल्या गोळीला दहा इंच दोरी. अशा दोऱ्या बर्लच्या घरी खिळ्याला टांगलेल्या आहेत.

त्या दिवशी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. बर्ल मुलीने घेऊन दिलेला जाडजूड लोकरी कोट घालून आला. लोक बाजूला झाले. कुणीतरी म्हणालं, "आज किती घोट झालेत?" हसण्याचा आवाज आला. बर्लने ऐकलं, आणि बंदुकीत दारू ओतायला लागला. डाव्या कोपराच्या बेचक्यात नळी उभी धरायची आणि सगळं उजव्या हाताने करायचं, हे त्याने घोटून ठेवलं होतं. चिंधी, गोळी, गज. घोड्याखाली बार उडवायची टोपी बसवली. कॉर्बिन त्याच्या मागे चार पावलांवर येऊन उभा राहिला. मेळ्यात दुसऱ्या कुणाच्या मागे तो उभा राहिला नव्हता.

आम्ही दोरखंडाच्या अलीकडे. त्यापलीकडे जायला बंदी, पण बोलायला नाही.

बर्लने बंदूक खांद्याला लावली. घोडा चढवला. आणि नळीचं तोंड हललं. खाली. थोडंसंच, पण मला दिसलं, आणि कॉर्बिनचा हात वर यायला लागलेलाही दिसला. बर्लने झटक्यात घोडा उतरवला आणि बंदूक खाली घेतली.

"हे काय झालं?" मी म्हटलं. "दोन महिने हलत नव्हती ना?"

झेला बघत होती. मग तिने स्वतःच्या कपाळावर इतक्या जोराने हात मारला की शेजारचे वळले. "कोट! अरे देवा, कोट! सगळ्यांना मी कोट घालून धरायला लावते, ऑगस्टात सुद्धा, घामाच्या धारा लागल्या तरी. आणि माझ्या भावाला नाही लावलं! मी त्याचा हात बघत बसले!"

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. त्या लोकरीमुळे दस्ता खांद्यापासून बोटभर पुढे सरकला होता. अख्खी बंदूक बोटभर पुढे. धडधाकट माणसाला ते जाणवलंही नसतं. बर्लच्या हाताला तेवढंच पुरेसं होतं.

"बब!" ती ओरडली. "कोट काढ!"

बर्लने मागे वळून बघितलं नाही. "थंडी आहे."

"कोट काढ म्हणते ना! दस्ता पुढे गेलाय!"

"झेला, गप बस."

त्याने परत बंदूक उचलली. त्याला कळलं होतं ती काय म्हणतेय. तो काढणार नव्हता, कारण कोट काढायचा म्हणजे डावा हात उजव्या हाताने धरून बाहीतून उपसावा लागायचा, रोज सकाळी घरी उपसायचा तसा, आणि ते साठ-सत्तर माणसांसमोर. घोडा चढला. नळी पुन्हा खाली यायला लागली. कॉर्बिनचं तोंड उघडलं.

घोडा उतरला.

मग बर्लने बंदूक मेजावर ठेवली, उजव्या हाताने बटणं काढली, उजवी बाही झटकून टाकली, आणि डाव्या हाताचं मनगट धरून तो बाहीतून ओढून काढला. कोट जमिनीवर पडला. सदऱ्याची बाही वाऱ्याने दंडाला चिकटली आणि आत काय उरलंय ते सगळ्यांना दिसलं.

कुणी हसलं नाही. मघाशी घोटांची चेष्टा करणारा माणूस खाली बघायला लागला. कॉर्बिनने एकदा हाताकडे बघितलं, एकदा बर्लच्या तोंडाकडे.

"एप्रिलमध्ये हेच होतं?" त्याने विचारलं.

"हेच."

"मूर्ख आहेस," कॉर्बिन म्हणाला. "नियम तोच राहील."

"मी कुठे बदल म्हटलं?"

पहिली गोळी फुलीच्या दोन बोटं उजवीकडे. दुसरी एक बोट. तो गोळी मारायचा, हात लोंबता सोडायचा, शंभरपर्यंत मोजायचा, मग परत भरायचा. तिसरी गोळी फुलीच्या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात त्याच्या इतक्या जवळ गेली की लोकांच्या तोंडून आवाज निघाला. नळी फटीवर ठेवल्यासारखी स्थिर होती. चौथी तिसरीच्या शेजारी. मी नुसत्या नजरेने बघून सांगतो, चार गोळ्यांची एवढी आखूड दोरी त्या मैदानावर वीस वर्षांत झाली नव्हती. झेलाने माझं मनगट इतकं आवळलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं.

"एकच राहिली," ती पुटपुटत होती. "एकच, बब. सावकाश."

त्याने पाचवी भरली. शंभर मोजले. बंदूक खांद्याला लावली. घोडा चढवला. मी पाच मोजले, सहा, सात. बोट चापावर होतं. आणि आठाला नळीचं तोंड खाली निघालं. कोसळलं नाही. अगदी हळू, मुंगीच्या चालीने. कॉर्बिनला तर ते दिसलंही नसावं, त्याचा हात खालीच होता. मला वाटलं, मार! आत्ता मार, अजून फळीवर आहे, दोन बोटं खाली लागली तरी तूच जिंकतोस!

बर्लने अंगठ्याने घोडा उतरवला. बंदूक आडवी मेजावर ठेवली, तोंड मातीच्या बांधाकडे करून.

"कॉर्बिन," तो म्हणाला, "मी रेषेवरून उतरलो. लिहून घे."

"मी काही बोललो नाही," कॉर्बिन म्हणाला. "तुझ्याकडे अजून वेळ आहे. हात सोड आणि परत धर."

"नाही. हलली ती. तू नाही बघितलंस, मी बघितलं." मग तो आमच्याकडे वळला. "झेला, ये इकडे. ही भरलेली आहे, रिकामी कर."

ठासणीची बंदूक एकदा भरली की मारूनच रिकामी करायची. कॉर्बिनने स्वतः दोरखंड उचलून तिला आत घेतलं. तिने बंदूक खांद्याला लावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला काही दिसत असेल असं मला वाटत नाही. नळी बांधाकडे रोखलेली, आणि ती तसूभरही हलत नव्हती. चाप ओढला, माती उडाली.

ती त्याच्यापाशी जाऊन रडतच म्हणाली, "माझी चूक झाली. कोट विसरले मी. पहिल्या दोन वेळा फुकट हात दमवलास तू, नाहीतर पाचवी गेली असती."

"वेडी आहेस का?" बर्ल म्हणाला. "जुनी असती तर धपकन आली असती, मला कळायच्या आत, आणि आज पुन्हा बार जमिनीत गेला असता, कुणाच्या पायाशी ते देव जाणे. हिने मला वेळ दिला. म्हणून कुणी काढून घेण्याआधी मला ती माझ्या हाताने खाली ठेवता आली." त्याने तिच्या हातातल्या बंदुकीवर बोटं ठेवली. "तेवढंच पाहिजे होतं मला. ते तुला कसं सांगावं कळत नव्हतं."

मग त्याला हुडहुडी भरली. मी जमिनीवरचा कोट उचलला, झटकला आणि पुढे केला. उजव्या हाताने घेईल म्हणून थांबलो. नऊ महिन्यांत त्याने माझ्याकडून काठीसुद्धा कधी घेतली नव्हती. पण त्याने कोट घेतला नाही. झेलाकडे बघून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा डावा आधी घाल गं. माझ्याने एकट्याने होत नाही."